ब्याण्णव वेढे

त्या वर्षी मोटारी जळेनात.

एरवी उन्हाळा लागला की मिस्त्रींच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी रात्रंदिवस चालायच्या, तापायच्या, एक दिवस धूर सोडून गप्प व्हायच्या. मग कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून, कुणी ट्रॉलीत घालून ती मोटार मिस्त्रींच्या दारात आणून टाकायचा. आतली जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. पण मोटार जळायला ती चालावी तरी लागते. दोन वर्षं पावसानं हुलकावणी दिलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले. मोटारी कोरड्या पडून होत्या आणि शेडमध्ये मिस्त्री.

फाल्गुन गेला, चैत्र निम्मा झाला. एक दिवस मिस्त्रींनी पक्कड, पेचकस, सोल्डरची कांडी आणि मीटर एका पिशवीत घातलं आणि बायकोला म्हणाले, बाजाराच्या रस्त्यावर तो गाड्यांना साउंड बसवून देणारा आहे ना, त्याला माणूस हवाय म्हणे.

तो साउंडवाला चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याच्या बापाच्या मोटारी मिस्त्रींनीच भरून दिलेल्या. आणि मिस्त्री आता साठीला टेकलेले. तिनं डबा भरून दिला आणि ते वळणापलीकडे जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की या कामात बसायला स्टूल नसतं. गाडीच्या सीटखाली पाठीवर निजून सरकत जायचं, छातीवर तार घेऊन, मान तिरकी करून. मिस्त्री घरी आले की दाराच्या चौकटीला धरून हळूच खाली बसत. गुडघ्यांवर सोललेलं असायचं. ती गरम पाण्याचं फडकं आणून देई. ते म्हणत, असू दे गं, सवय होईल. दुकानात त्यांना सगळे ‘मोटारमिस्त्री’ म्हणून हाक मारत, आणि हाक मारताना हसत. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या भावानं सांगितलं होतं.

भाऊ तिच्याहून चौदा वर्षांनी धाकटा. लहानपणी रडायला लागला की चार घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा, ते आजतागायत. आई लवकर गेली. तेव्हा तिनंच त्याला कडेवर वागवला, लग्न होऊन इकडे आली तेव्हा मागं लागून तोही आला. आता त्याचा स्वतःचा संसार होता, दोन आळ्या सोडून घर होतं आणि एक जुनी जीप होती. गाव ते बाजार अशी तो माणसं ने-आण करायचा. पण रस्त्यावर आणखी दोन जीपा आल्या होत्या. एकीत मोठा साउंड होता. आत बसलं की गाण्याचा ठेका छातीत बसायचा. पोरंटोरं, कॉलेजातल्या मुली, सगळे तिच्यासाठी थांबून राहायचे आणि भोंग्याची जीप अर्धी रिकामी जायची.

म्हणून भोंग्यानंही साउंड बसवायचं ठरवलं. दुसरी दोन दुकानं होती, पण तो म्हणाला, दाजी जिथं आहेत तिथंच जाणार.

ज्या दिवशी बसवला त्या दिवशी मिस्त्री घरी आले ते मुकाट्यानं जेवले. तिनं विचारलं, बसला का? ते म्हणाले, बसला. वाजतो का? वाजतो. एवढंच.

आठ दिवस भोंगा हवेत होता. एकदा शेडसमोर जीप थांबवून त्यानं तिला आवाज ऐकवला. खिडकीची काच, भिंतीवर टांगलेला चाळण-झारा, सगळं थरथरलं. मग कुणीतरी सांगितलं, की गाणं वीस मिनिटं चाललं की आपोआप बंद पडतं, भोंगा चढापाशी गाडी थांबवतो, बाकाखालच्या यंत्रावर ओलं फडकं घालतो आणि पुन्हा चालू करतो. माणसं कुरकुरतात. भोंगा मग आवाज आणखी वाढवतो.

नवव्या दिवशी भर दुपारी, चढावर, मागच्या बाकाखालून धूर आला.

आग नव्हती, धूरच होता. पण जळक्या वासानं बायका घाबरल्या, चालत्या गाडीतून दोघींनी उड्या टाकल्या. एका म्हातारीच्या हाताचं कोपर सोललं, कुणाची अंड्यांची पाटी रस्त्यावर फुटली. भोंग्यानं म्हातारीला स्वतः दवाखान्यात नेलं, पट्टी करून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या जागी उभा राहिला तर एकही माणूस गाडीत चढलं नाही. लोक शेजारून जात होते, त्याच्याकडे बघून मान हलवत होते आणि मागच्या जीपमध्ये बसत होते.

त्या सकाळी तो तसाच बहिणीकडे आला. मिस्त्री डबा पिशवीत घालून निघतच होते. भोंग्यानं जीपमधून लाकडी खोकं उतरवलं, ज्यात ते दोन मोठे वूफर, दणक्याचे स्पीकर, बसवलेले असतात ते, आणि पायरीवर आदळलं.

“दाजी, एकच विचारतो. हे जळणार, तुम्हाला माहीत होतं?”

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली.

“होतं,” ते म्हणाले.

भोंगा बघतच राहिला. त्याला वाटलं असावं, दाजी नाही म्हणतील, कंपनीचा माल खराब म्हणतील, काहीतरी म्हणतील.

“मग जोडलं कसं तुम्ही? माझ्या गाडीत? त्यात माणसं बसतात.”

“जोडलं मी. माझ्याच हातानं. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.”

भोंग्याचा आवाज चढला. नात्याचं, विश्वासाचं, म्हातारीच्या कोपराचं, सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडायला लागलं. शेजारची दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. शेवटी तिनं भावाचा दंड धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि त्याला आत नेऊन बसवलं. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, तुम्ही पण आत चला, आणि काय झालं ते नीट सांगा, मला कळेल असं.

तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं.

खोक्यात दोन वूफर. प्रत्येक वूफरच्या पोटात दोन कॉइल. एकेक कॉइल चार ओहमची. ओहम म्हणजे वीज किती अडते त्याचं माप. चार ओहम म्हणजे दार जरा लोटलेलं, एक ओहम म्हणजे सताड उघडं. चारही कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून जोडल्या, की सगळ्यांची मिळून अडवणूक उरते एका ओहमची. वीज धो धो जाते, आवाज दणक्यात येतो. पण वीज देणारं यंत्र, तो अँप्लिफायर, त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं, की मला चार ओहमच्या खाली लावू नका.

“चार वासरं एकाच वेळी एका गाईला सोडली तर काय होईल?” ते बायकोकडे बघून म्हणाले. “लाथ मारेल नाहीतर खाली बसेल. हे यंत्र खाली बसत होतं. भोंग्याला वाटलं गाय अडते, म्हणून यानं आवाज आणखी पिळला. मग फाटका आवाज कॉइलमध्ये गेला आणि कॉइल जळली.”

“मग दुसरं कसं जोडायचं होतं?” तिनं विचारलं.

“एका वूफरच्या दोन्ही कॉइल एकामागं एक. चार आणि चार, आठ. दुसऱ्याच्याही तशाच, आठ. मग ते दोन आठ शेजारी शेजारी. आठाचे झाले चार.”

तिनं मनाशी जुळवून पाहिलं. बरोबर होतं. यंत्राला चार हवे, चार मिळाले.

“हे त्या साउंडवाल्याला नाही सांगितलं?”

उत्तर भोंग्यानं दिलं. तांब्या हातात तसाच होता, आवाज खाली आला होता.

“सांगितलं होतं, ताई. माझ्यासमोरच सांगितलं. तो म्हणाला, मिस्त्री, ही पाण्याची मोटार नाही, मी सांगतो तसं जोडा. सगळे हसले.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “मीही हसलो.”

बाहेर कुंपणापाशी उभी असलेली माणसं कंटाळून निघून गेली होती. मिस्त्री उठले, पायरीवरचं खोकं उचलायला वाकले. भोंगा धावत गेला आणि दुसरी बाजू त्यानं धरली.

त्या दिवशी मिस्त्री कामावर गेले नाहीत.

शेडमध्ये त्यांनी दोन्ही वूफर खोक्यातून काढले, मीटर लावला. तीन कॉइलवर साडेतीनचा आकडा आला. चारची कॉइल मीटरवर एवढाच दाखवते. चौथीवर काटा हललाच नाही. बाजारात नवा वूफर मिळत होता, पण तो विकत घ्यायचा विषय कुणी काढला नाही. मिस्त्री म्हणाले, मोटार भरतो तशी ही भरायची. फक्त हिची तार केसासारखी आणि जागा कागदाच्या जाडीएवढी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मिस्त्रींच्या हाताचं नाव पाच गावांत होतं. पण बारीक तारेचं काम गेली पाच-सहा वर्षं त्यांच्या हातचं नव्हतंच. जवळचं दिसेनासं झालं, चष्मा बदलून पाहिला, बोटांना हलकी थरथर आली. तेव्हापासून पंख्याच्या, मिक्सरच्या कॉइल तीच भरत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती त्यांच्यासमोर बसून वेढे मोजायची. मोजता मोजता तारेचा ताण तिच्या बोटात कधी उतरला, दोघांनाही कळलं नाही. लोक कॉइल हातात घेऊन म्हणायचे, वा मिस्त्री. मिस्त्री मान हलवायचे. लपवलं असं नाही. सांगितलं नाही, इतकंच.

दाराच्या उजेडात त्यांनी वूफर उताणा ठेवला. मिस्त्रींनी थिनरमध्ये फडकं भिजवून कडेचा डिंक सोडवला. घाई केली असती तर कागदी कोन फाटला असता. निम्मा दिवस त्यातच गेला. शेवटी कोन अलगद वर आला, आणि त्याच्या बुडाशी ती कॉइल, अंगठ्याएवढ्या उंचीची नळी, एका अंगानं काळीठिक्कर. दोन तारा एकमेकींना चिकटून गुंडाळलेल्या होत्या. जळली एकच होती, पण हिच्या आचेनं दुसरीचंही कातडं सोललं होतं. दोन्ही काढायला हव्या होत्या.

तिनं टोक शोधलं आणि उलगडायला सुरुवात केली. तिनं मोजलं, मिस्त्रींनी भिंतीवर खडूनं रेघा ओढल्या. दोन थर, एकेकीचे ब्याण्णव वेढे. खात्री व्हावी म्हणून भिंतीवरच्या रेघा तिनं पुन्हा मोजल्या. ब्याण्णवच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरायला बसली. नळी लाकडाच्या खुंटीवर बसवलेली, दोन्ही तारा चिमटीत. वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे, वर चढता कामा नये, मध्ये फट राहता कामा नये. ती श्वाससुद्धा बेतानं घेत होती. मिस्त्री समोर बसून खुंटी फिरवत होते, तिच्या नजरेकडे बघून, ती थांबली की थांबत, ती मान हलवेल तेव्हा पुढं. घामाचा थेंब तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला. तिचे दोन्ही हात गुंतलेले. मिस्त्रींनी हात लांब करून आपल्या सदऱ्याच्या बाहीनं तो टिपला आणि पुन्हा खुंटी धरली.

पहिली कॉइल फुकट गेली. वार्निश जास्त झालं होतं. वाळल्यावर कोन बसवून पाहिला तर आत खर्र खर्र घासायला लागलं. मिस्त्रींनी कानाला लावून ऐकलं आणि खाली ठेवलं. ती उठून विहिरीकडे तोंड करून उभी राहिली. मिस्त्री मागून आले आणि म्हणाले, वार्निश मी लावलं होतं. चूक माझी. तुझे वेढे सरळ होते. ती म्हणाली, कुणाचं का असेना, पुन्हा भरायचं आहेच ना. आणि जाऊन बसली.

दुसऱ्या वेळी वार्निश तिनं लावलं, बोटाच्या टोकानं, पापडी धरणार नाही एवढंच. आता नळी लोहचुंबकाच्या फटीत अगदी मधोमध बसायला हवी होती. चारी बाजूंनी सारखी पट्टी खुपसल्याशिवाय ते जमत नाही आणि पट्टी हवी पातळ, पण ताठ. मिस्त्रींनी शेडभर शोधलं. मग तीच आत गेली आणि गादीखालून आपला एक्स-रे घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी पायरीवरून पडली होती तेव्हा काढलेला, कमरेचा.

“हा कापायचा?” मिस्त्रींनी विचारलं.

“कंबर आहे जागेवर. फोटोचं काय करायचंय?”

मिस्त्री हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. कात्रीनं त्यांनी बायकोच्या कमरेच्या चार पट्ट्या कापल्या, नळीभोवती खुपसल्या, कोनाला डिंक लावला आणि वर वजन ठेवलं. डिंक वाळेपर्यंत दोघं उंबऱ्यात बसून राहिले, दवाखान्याबाहेर बसतात तसे.

चौथ्या दिवशी भोंगा जीप घेऊन आला. पट्ट्या ओढून काढल्या, मिस्त्रींनी दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबला. काही घासलं नाही. मीटरवर साडेतीन, साडेतीन. मग ते पाठीवर निजून जीपच्या बाकाखाली सरकले. भोंगा म्हणाला, दाजी, मी करतो, तुम्ही सांगा. ते आतूनच म्हणाले, तू नुसता दिवा धर. एका वूफरच्या दोन कॉइल एकामागं एक, दुसऱ्याच्या तशाच, मग दोन्ही शेजारी. शेवटच्या दोन टोकांना त्यांनी मीटर लावायला सांगितला. तिनं काड्या टेकवल्या आणि आकडा मोठ्यानं वाचला: साडेतीन. म्हणजे चार.

गाणं लावलं तेव्हा भोंग्याचा चेहरा जरा उतरला. आवाज पहिल्यासारखा दणदणत नव्हता. त्यानं आढेवेढे घेत तसं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, हो, कमी आहे. पण यंत्राला हात लावून बघ बाजारापर्यंत जाऊन.

म्हणून तिघं निघाले. ती मागच्या बाकावर एकटी, बरोबर त्या खोक्याच्या वर. काम नसताना, बाजारहाट नसताना, कुणी आजारी नसताना ती गाडीत बसली होती, असं कधी झालं होतं ते तिला आठवेना. दुतर्फा वाळकी शेतं होती. गाण्याचा ठेका बाकातून येत होता. आपटत नव्हता. तान्हं मूल पाठीवर घेतलं की त्याचा ऊर लागतो, तसा लागत होता. आपण बसवलेला एकेक वेढा खाली हलतोय हे तिच्या मनात आलं आणि तिनं लाजून बाहेर बघितलं, जणू कुणी तिचं मन वाचत होतं.

चढ आला. भोंग्यानं सवयीनं वेग कमी केला. गाणं चालू राहिलं. बाजार आला, गाडी वळवली, परतीच्या रस्त्याला निम्मं अंतर झालं. भोंग्यानं गाडी बाजूला घेतली, मागं येऊन बाकाखाली हात घातला आणि अँप्लिफायरवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“कोमट आहे,” तो म्हणाला. मग दाजींकडे वळून म्हणाला, “दाजी, काय हात आहे तुमचा.”

मिस्त्री पुढच्या सीटवर सरळ समोर बघत होते.

“माझा नाही,” ते म्हणाले. “कॉइल तुझ्या बहिणीनं भरली. ही भरली, आणि पंख्याच्या, मिक्सरच्या, सहा वर्षं झाली, सगळ्या तिनंच भरल्या. मला बारीक दिसत नाही आता.”

भोंगा बहिणीकडे बघत राहिला. ती म्हणाली, “चल आता, ऊन आहे.”

म्हातारीला तर भोंगा दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पुढच्या सीटवर बसवून पट्टी बदलायला घेऊन गेला. गाणं तिच्या आवडीचं, आवाज तिला हवा तेवढा. ती उतरताना म्हणाली, आता बरं आहे, मघाशी डुलकी लागली मला. हे तिनं चारचौघांत सांगितलं आणि त्या आठवड्यात जीपमध्ये माणसं हळूहळू पुन्हा चढायला लागली. सगळी नाही. काही त्या दुसऱ्या जीपकडेच राहिली.

मिस्त्रीही दुकानात गेले. त्यांनी साउंडवाल्याला सांगितलं, की मीटर लावून, यंत्रावर लिहिलंय ते वाचून जोडायचं असेल तर मी येईन, नाहीतर येणार नाही. तो काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. पण गिऱ्हाईक दणका मागतं मिस्त्री, तो म्हणाला, मी काय करू? मिस्त्री म्हणाले, बरं. आणि पिशवी घेऊन चालत घरी आले. तिनं त्यांना लांबून येताना पाहिलं. पाठ ताठ होती. दुपारी ते शेडमध्ये गार फरशीवर पडले आणि गाढ झोपले.

असे दहा-बारा दिवस गेले. आभाळ तसंच कोरडं. एका सकाळी ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मिस्त्री पुढं पायरीवर बसले होते. एक अनोळखी ड्रायव्हर गाडीतून उतरला, पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड छातीशी धरून. जळक्या वार्निशचा वास मिस्त्रींना लांबूनच आला.

“इथं त्या बाई राहतात का, कॉइल भरणाऱ्या?” त्यानं विचारलं. “जीपवाल्या भोंग्यानं पाठवलंय.”

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. आतून लाकडी स्टूल आणून त्यांनी सावलीत ठेवलं, बाहीनं पुसलं.

“राहतात. बसा.”

मग ते घराकडे वळले, चाळीस वर्षांत कधी मारली नव्हती तशी हाक त्यांनी मारली.

“अहो! तुमच्याकडे आलेत.”

ती भांडी तशीच टाकून, ओले हात झटकत बाहेर आली. नवरा कुणाला अहो म्हणतोय, ते बघायला.